शेवटच्या ओळीतला पत्ता

आदरणीय अध्यक्ष महोदय, मंडळाच्या चिटणीसबाई, पुस्तिका विभागाचे प्रमुख, व्यासपीठावरचे सगळे मान्यवर, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो आहोत ते आमचे हे, आणि समोर बसलेल्या, यांना पत्रांतून ओळखणाऱ्या आणि आज पहिल्यांदा पाहणाऱ्या भगिनींनो आणि बंधूंनो, सर्वांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालकांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव नाही. आज सकाळी मीच चिटणीसबाईंना फोन करून वेळ मागून घेतली. त्या म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही बोललात तर सोहळ्याला घरगुती रंग येईल." येईल की. कोणता येईल ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मी सत्तावीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधनाचं काम केलं. शब्द मोजायची सवय आहे, तेव्हा आधीच सांगून ठेवते, दोनात भागणार नाही.

आत्ता वाचून दाखवलं ते मानपत्र फार सुंदर आहे. कागद चांगला, अक्षर चांगलं, चौकटही भारी दिसते. दुसऱ्या परिच्छेदात "अविरत" हा शब्द दोनदा आला आहे, एक काढला असता तर बरं झालं असतं. खरं सांगायचं तर दोन्ही काढले असतेत तर माझी जास्त सोय झाली असती. आणि शेवटचं वाक्य, की निवृत्तीनंतरही सर घरून प्रत्येक पत्राला उत्तर देत राहतील, तसा शब्द त्यांनी मंडळाला दिलेला आहे. त्या वाक्याला सभागृहात सगळ्यात मोठ्या टाळ्या पडल्या. मी तिसऱ्या रांगेत होते. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मनगट दुखतंय म्हणाले.

मला एक सांगा, निरोप म्हणजे काय हो? माणसाला जाऊ देणं, एवढाच ना त्याचा अर्थ? मग ज्याला निरोप द्यायचा त्याच्याकडूनच "मी कुठेही जाणार नाही" असं लिहून घ्यायचं, आणि वर फुलं द्यायची, ही कुठली रीत? असो. आधी आभार मानायचे असतात, मी क्रम चुकवला.

मंडळाचे आभार. मंडळाने यांना तेवीस वर्षं मान दिला, "उदाहरणमास्तर" हे नाव दिलं, आणि ते नाव यांनी मिरवलंही. आमच्याकडचे काही नातेवाईक आज इथे आहेत, आणि यांना "उदाहरणमास्तर" का म्हणतात हे त्यांना अजून नीट कळलेलं नाही. मागच्या आठवड्यात माझ्या जाऊबाईंनी विचारलं, "भावजी गणित शिकवायचे का?" त्यांच्यासाठी दोन मिनिटं घेते. जाणकारांनी तेवढा वेळ फोन बघावा, तुम्ही तसेही बघतच आहात.

संगणकाला काम सांगण्याच्या भाषा असतात. त्यातली एक हे मंडळ सांभाळतं. हिचा कोणी मालक नाही. जगभरच्या लोकांनी मिळून वाढवलेली, कोणीही घ्यावी, वापरावी, दुरुस्त करावी, नक्कल करून दुसऱ्याला द्यावी. फार उदात्त गोष्ट आहे, मी चेष्टा करत नाही. या भाषेची एक मोठी पुस्तिका आहे आणि तिच्यात एक पान आहे, "अडचण आली तर". संगणकाच्या पडद्यावरच्या काळ्या खिडकीत कोणती ओळ टाइप करायची, त्यातून काय दिसेल, तसं नाही दिसलं तर पुढे काय करायचं, अशी उदाहरणं त्या पानावर एकाखाली एक दिलेली आहेत. ते पान यांनी लिहिलं, एकोणीस वर्षांपूर्वी. या विभागाचा एक कडक नियम आहे, आणि तो घालून देणारेही हेच. स्वतःच्या यंत्रावर चालवून पाहिल्याशिवाय एकही उदाहरण पुस्तिकेत जाणार नाही. मनाने रचलेलं उदाहरण नको. चाललेलंच हवं.

आता त्या पानावरचं शेवटचं उदाहरण. वरचं काहीच चाललं नाही तर ही ओळ टाइप करा, म्हणजे तुमच्या यंत्रात काय बिघडलंय त्याचा अहवाल तयार होऊन मेलने जाईल. कुठे जाईल? ओळीच्या शेवटी जो पत्ता असेल तिथे. तिथे प्रत्येकाने आपापल्या शिक्षकाचा नाहीतर मदतनिसाचा पत्ता घालायचा. पण उदाहरण तर चालवून पाहायचं आहे. मग यांनी तिथे स्वतःचा पत्ता घातला, घरचा, खाजगी. ओळ चालवली, अहवाल आला, हे खूश झाले, आणि ती ओळ आहे तशी पुस्तिकेत गेली. पत्ता बदलायचा राहिला.

दुसरा कोणी असता तर काहीतरी खोटा पत्ता घालून मोकळा झाला असता. आमच्या घरी खरेपणा भारी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

लोक उदाहरण वाचत नाहीत हो, उचलतात. आपण करतोच की. नवव्या दिवशी यांच्या लक्षात आलं आणि यांनी पान दुरुस्त केलं. पण तोवर त्या पानाच्या नकला निघाल्या होत्या. कुठल्या कुठल्या कॉलेजांच्या प्रात्यक्षिकाच्या वह्यांत छापून झालं, सात भाषांत भाषांतर झालं, लोकांनी आपापल्या जागी चिकटवलं. आणि जुनी आवृत्ती पुसायची नाही, कारण जुनी यंत्रं वापरणाऱ्यांना ती लागते, हाही तुमचाच नियम. मूळ पान सुधारलं तरी नकलांना काय त्याचं? छापखान्यात आम्ही शुद्धिपत्रक काढायचो. ते कोणी वाचल्याचं मला आठवत नाही.

तेव्हापासून एकोणीस वर्षं, जगात कुठेही कोणाचं काही बिघडलं आणि त्याने ती ओळ उचलली, की ते बिघडलेलं आमच्या घरी येतं. आमच्या ओट्यावर, आमच्या ताटापाशी. दिवसाला तीस, चाळीस, परीक्षांच्या दिवसांत शंभराच्या वर.

तुम्ही म्हणाल, पत्ता बंद का नाही केला? मीही म्हणाले होते. पहिल्या वर्षी हे म्हणायचे, करतो, करतो. मग यांच्या भाचीचं लग्न लागलं. लागलं म्हणजे, लागायचं होतं. सगळे हॉलच्या दारात उभे, मामा कुठे म्हणून शोधाशोध, आणि मामा बाहेर गाडीत मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेले. एका गावच्या पाणीपुरवठ्यातला कारकून होता. कोणत्या भागाला किती वाजता पाणी सोडायचं ते ठरवणारा त्याचा प्रोग्राम बंद पडला होता आणि त्याने लिहिलं होतं, "साहेबांनी दुपारपर्यंतची मुदत दिली आहे, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस म्हणालेत." मी काचेवर टकटक केली. हे म्हणाले, "दहा मिनिटं." दहाची पन्नास झाली. तो कारकून चुकीच्या फोल्डरमध्ये उभा राहून ओळ टाइप करत होता, बाकी काही नाही. लग्न लागून गेलं. भाचीच्या एकाही फोटोत हे नाहीत. पण त्याची नोकरी राहिली, आणि त्याने जे पत्र पाठवलं ते यांनी मला वाचून दाखवलं. वाचताना यांचा आवाज बदलला. मी तेव्हाच समजले की आता हे काही सुटत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, तशी गत.

त्यानंतर आम्ही कुठे गेलो नाही असं नाही. एकदा समुद्रावर गेलो होतो, चार दिवसांसाठी. तिथे नेटवर्क नव्हतं. दुसऱ्या दिवशी परत आलो.

सूत्रसंचालक घड्याळ दाखवतायत. दिसलं मला. माझे डोळे चांगले आहेत.

आता डोळ्यांचं निघालंच आहे, तर ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. मघाशी व्यासपीठाच्या पायऱ्या चढताना मी यांचा हात धरला होता आणि तुम्ही कौतुकाने फोटो काढलेत. मानपत्र हातात घेऊन हे बराच वेळ खाली बघत राहिले, तेव्हा तुम्हाला वाटलं, सर गहिवरले. सर गहिवरले असतीलही. पण सरांना ते वाचता येत नव्हतं. सहा वर्षांपूर्वी यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेला, आधी उजवा, मग डावा. कडेकडेचं दिसतं, मधलं नाही. चालता येतं, चहा ओतता येतो. समोरच्या माणसाचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. अक्षर तर एकही दिसत नाही.

अहो, बसा. खुर्ची मागे सरकवू नका, मागे पायरी आहे. मला बोलू द्या.

तुम्हाला कोणाला हे कळलं नाही, कारण तुमचा विभाग घरून काम करणाऱ्यांचा. बैठका फोनवर. यांनी मला विनवलं होतं, "दोनच महिने वाच मला, तोवर काहीतरी होईल. मंडळाला कळलं तर पान काढून घेतील माझ्याकडून." मी म्हटलं, बरं. बायको म्हणून म्हटलं की मुद्रितशोधक म्हणून, मला आठवत नाही. मी अहवाल वाचायला लागले. मला त्यातलं काही कळत नव्हतं. आडवी रेघ, आडवी रेघ, मोकळी जागा, तिरकी रेघ, असं एकेक अक्षर वाचायचे, हे डोळे मिटून ऐकायचे आणि मग काय लिहायचं ते सांगायचे. अर्थ कळत नसताना चूक पकडणं हाच तर माझा धंदा होता. दोन महिन्यांचे चार झाले. पुढे पुढे मी वाचता वाचताच म्हणायला लागले, "याने मोकळी जागा सोडली नाही," "हिने फाइल जतनच केलेली नाही." हे म्हणायचे, "बरोबर, लिही तसं." वर्षभराने हे फक्त संध्याकाळी विचारायचे, "आज किती आली?" मी आकडा सांगायचे.

तेव्हा अध्यक्ष महोदय, मानपत्रात तुम्ही सरांच्या संयमाचा नमुना म्हणून जे वाक्य घातलं आहे, "तुमचं यंत्र तुमच्यावर रागावलेलं नाही, तुम्ही सांगितलंत तेवढंच ते करतंय, आता आपण दोघं मिळून त्याला नीट सांगू," ते वाक्य मी लिहिलं आहे. भाजी चिरून झाल्यावर, हात पुसून. गेल्या पाच वर्षांतली सगळी उत्तरं माझी आहेत. खाली सही यांची.

कुजबुज होणारच, होऊ द्या. पण एक लक्षात घ्या. पुस्तिकेचा नियम मोडलेला नाही. या काळातलं प्रत्येक नवं उदाहरण छापण्याआधी चालवून पाहिलेलं आहे. चालवणारा हात तेवढा माझा होता.

उगाच मी बिचारी म्हणून डोळे पुसू नका. मला त्यात मजा आली, हेही मी कबूल करते. मुद्रितशोधकाला कोणी धन्यवाद देत नाही. चूक राहिली तर त्याची, नाही राहिली तर लेखकाची वाहवा. इथे रोज कोणीतरी लिहायचं, "सर, तुमच्यामुळे आज वाचलो." मी त्यातला "सर" सोडून बाकीचं वाचायचे. मी तुमच्या त्या डॉलरच्या वादातही पडले. जाऊबाई, काय असतं, प्रत्येक उदाहरणाच्या सुरुवातीला ही मंडळी डॉलरचं चिन्ह काढतात. "इथून टाइप करा" एवढीच ती खूण, ती स्वतः टाइप करायची नसते. नवे लोक टाइप करतात, आणि काही चालत नाही. मी यांना म्हटलं, टाइप करायचं नाही तर लिहिता कशाला? हे म्हणाले, "सगळे लिहितात." मी यांच्या नावाने सूचना पाठवली, तो डॉलर काढून टाका. त्यावर तुमच्यातल्या साठेक जणांनी अकरा महिने चर्चा केली आणि ठरवलं की डॉलर राहील, पण फिक्या रंगात. बदल झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी पहिलं पत्र आलं, "सर, फिका डॉलर कसा टाइप करायचा?"

हसा, हसा. मीही हसले होते. यांना वाचून दाखवलं तेव्हा हे इतके हसले की ठसका लागला. असे चांगले दिवसही होते, ते मी नाकारत नाही. पण चांगला दिवस असला तरी तो त्या खोलीतच गेला. खिडकीशी टेबल, टेबलावर तो संगणक, आणि मी उठले की पाठीमागून आवाज, "कुठे चाललीस?" दूध आणायला. "किती वेळ लागेल?" सहा वर्षं मी दूध धावत आणलंय. दुकानदार विचारायचा, घरी कोणी आजारी आहे का? काय सांगणार, कोणाकोणाचं काय काय आजारी आहे ते?

आता ज्यासाठी मी ही वेळ मागून घेतली ते सांगते. मला एक थोरली बहीण आहे. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आईच्या पाठीमागे तिनेच मला वाढवलं, माझ्या वेण्या तिने घातल्या, छापखान्यातली नोकरी तिने लावून दिली. तिला मूलबाळ नाही. इथून आठ तासांच्या प्रवासावर राहते. तीन वर्षांपूर्वी भावोजी गेले. मी गेले होते, दोन दिवसांसाठी. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या स्वयंपाकघरात फोनवर मी उत्तरं लिहीत बसले होते, कारण इथे हे एकटे आणि पत्रं येतच होती. ताई समोर येऊन बसली. म्हणाली, "चहा गार झाला तुझा. कोणाचं काय मोडलंय एवढं?" मी म्हटलं, "कोण आहे माहीत नाही गं." ती म्हणाली, "मग जरा माझ्याकडे बघ की." मी "एक मिनिट" म्हटलं.

एक मिनिट. मी माझ्या बहिणीला, तिचा नवरा गेल्याच्या आठवड्यात, एक मिनिट म्हटलं. मला त्याची लाज वाटते आणि ती जात नाही.

दीड महिन्यापूर्वी ताई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. शेजारीण दोन वेळचं जेवण देते, पण तिला तिचा संसार आहे. डॉक्टरांनी सांगितलं की बाईंना एकटं ठेवायचं नाही. या महिन्याच्या अखेरपर्यंत घरचं कोणी आलं नाही, तर त्यांना निराधार वृद्धांच्या निवासात हलवावं लागेल. ताईने फोनवर फक्त विचारलं, "तिथे स्वतःची उशी नेऊ देतात का गं?"

मी यांना सांगितलं. हे म्हणाले, जाऊ की, परीक्षा संपू दे. परीक्षा संपल्या. हे म्हणाले, नवी आवृत्ती निघू दे. ती निघाली. म्हणाले, निरोप समारंभ होऊ दे, मग मी मोकळाच आहे. मी म्हटलं, ठीक आहे, एवढी वर्षं काढली, तीन आठवडे काय. दिवस मोजले मी. आणि आज तिसऱ्या रांगेत बसून ऐकते तर काय, यांनी शब्द दिलेला. मला न विचारता, माझ्या डोळ्यांचा आणि माझ्या हातांचा शब्द. आणि तुम्ही टाळ्या वाजवताय. आगीतून सुटून फुफाट्यात पडायचं, तेही समारंभपूर्वक.

यांना मी दोष देत नाही, असं म्हणायची पद्धत आहे. मी देते. अहो, मला तुमचा राग आलाय. काळजीही वाटते. दोन्ही एकाच पिशवीत भरून नेणार आहे, वाटेत निवडायला वेळ मिळेल.

कारण तिकीट काढून झालं आहे. उद्या सकाळी सात दहाची गाडी. एकच तिकीट आहे. परवाच काढलं, यांना सांगितलं नव्हतं. तुमच्याबरोबर यांनाही आत्ताच कळतंय, हे बरं नाही केलं मी. पण घरी सांगितलं असतं तर हे म्हणाले असते, "बरं, जा, आधी एवढं एक पत्र वाच." आणि मी वाचलं असतं.

पत्त्याचं काय, असं पुस्तिका विभागाचे प्रमुख मघापासून शेजाऱ्याच्या कानात विचारतायत. मोठ्याने विचारा. आज सकाळी मी एक शेवटचं उत्तर लिहिलं आहे, उद्यापासून जो लिहील त्याला ते आपोआप जाईल. त्यात लिहिलं आहे की इथे आता कोणी नाही. ही ओळ जिथून उचललीत तिथला पत्ता चुकीचा आहे, तुमचा अहवाल कोणीही वाचलेला नाही, जवळच्या माणसाला दाखवा. खाली मंडळाच्या चर्चेच्या जागेचा पत्ता दिला आहे. तिथे तुम्ही चाळीस हजार सभासद आहात म्हणे. दिवसाला चाळीस पत्रं. भागाकार तुम्ही करा.

काय म्हणालात, चिटणीसबाई? पुढच्या बैठकीत विषय घेऊ? घ्या की, मी तोवर पोचलेली असेन.

आणि हे म्हणतायत, माइक लांब आहे म्हणून तुम्हाला ऐकू आलं नसेल. हे विचारतायत, "मग मला कोण वाचून दाखवेल?"

जेवणाची सोय केली आहे, दोन डबे येतील. औषधाच्या बाटल्यांना वेगवेगळे रबर लावले आहेत, एकाला एक, दुसऱ्याला दोन. मी रोज सकाळी फोन करीन आणि वर्तमानपत्र वाचून दाखवीन. अहवाल वाचून दाखवणार नाही. ते मी करायला लागले तर ताईच्या घरात पुन्हा तेच टेबल आणि तीच खिडकी. अहो, तुम्हाला यायचं असेल तर या. दुसरं तिकीट मी काढते, ताईकडे जागा आहे. पण पत्ता इथे ठेवून या. आज उत्तर द्यायला हवं असं नाही. मी किती दिवस जातेय ते मलाही माहीत नाही, म्हणून घाई नाही.

आता आटपते. मंडळाने बोलावलं, फुलं दिली, मला बोलू दिलं, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. गेली पाच वर्षं ज्यांनी आम्हाला लिहिलं त्यांचीही. माझ्या उत्तरात कुठे काही चुकलं असेल, एखाद्याचं काम माझ्यामुळे आणखी बिघडलं असेल, तर ती चूक माझी धरा, यांच्या नावावर मांडू नका. आणि उद्या सात दहानंतर जे कोणी लिहितील, एखाद्याची नोकरी दुपारपर्यंतच्या मुदतीवर टांगलेली असेल आणि त्याला माझं ते चार ओळींचं कोरडं उत्तर मिळेल, त्याची मी आज इथेच क्षमा मागते. त्याने ती करावी, असं मी म्हणू शकत नाही.

थांबा, हे काहीतरी म्हणतायत. काय? हो, सात दहा. फलाट मला माहीत नाही, तिथे कळेल.

हे म्हणतायत, "स्टेशनवर सोडायला येतो."

या. मला आवडेल. जाताना मी आहे, पण येताना यांना ते दोन मोठे रस्ते एकट्याने ओलांडता येणार नाहीत, आणि सिग्नल यांना दिसत नाही. तेव्हा या सभागृहाकडे माझं एकच मागणं आहे. उद्या सकाळी साडेसातला स्टेशनच्या दारातून यांना घरी आणून सोडायला कोणीतरी एक माणूस हवा. यांच्याकडून शब्द घेणारे बरेच जण इथे बसले आहेत. बैठकीत ठरवू नका, आत्ता हात वर करा. मी तुमचा फार वेळ घेतला, ते पोटात घाला. पण हात दिसल्याशिवाय मी माइकपासून हलणार नाही.